औंधचे पुस्तक आणि लोणावळ्याची नळी

रथसप्तमीला कडावच्या शाळेत मुलांकडून सूर्यनमस्कार घालून घेताना ‘हा व्यायाम हजारो वर्षांचा आहे’ असे आम्ही दरवर्षी सांगत आलो. यंदा आठवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, तो लिहिलाय कुठे?” आम्ही निरुत्तर झालो, आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांचे ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ हे १९३८ साली लंडनला निघालेले पुस्तक पुन्हा काढून वाचले.

सूर्याला साष्टांग नमस्कार घालण्याची रीत जुनीच. पण ठरावीक स्थिती, मोजून आवर्तने आणि सगळ्या वर्गाने एकदम करायची कवायत, हे रूप बरेचसे औंधचे. राजेसाहेब आधी युजेन सँडोच्या पद्धतीने व्यायाम करीत. मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून १९०८च्या सुमारास ते नमस्कारांकडे वळले. पुढे संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सुरू केले. म्हणजे उगमात परदेशी व्यायामशाळेचाही वारा आहे. त्यात कमीपणा कसला?

पुस्तकातील कृतीचे वर्णन उत्तम आहे. पाय कुठे, श्वास केव्हा, हे नवख्यालाही कळते. घसरण होते ती पुराव्यापाशी. बीजमंत्रांच्या कंपनांनी अवयव सुधारतात, हे लेखक स्वानुभवावर सांगतात. पण त्यांनी आहारही बदलायला सांगितला आहे. मग गुण कशाचा? नमस्कारांचा, जेवणाचा, की आपोआप बरे वाटण्याचा?

कर्जतहून बोरघाट चढला की लोणावळा. तिथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून वेगळी वाट धरली. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब त्यांनी नळी घालून मोजला. तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला. बस्तीत पाणी आत का चढते, याचा उलगडा त्यातून झाला. त्यांचे प्रयोग थोड्याच माणसांवर झाले आणि योगावर त्यांची श्रद्धाही होती, हे आम्ही विसरत नाही. तरी आकडा समोर ठेवला, की तो दुसऱ्याला तपासता येतो.

त्या मुलीच्या वर्गाचे आम्ही चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. पायरीवर उभे राहून वाकायचे, बोटे कुठवर पोचतात ते फूटपट्टीने मोजायचे, दीड महिन्याने पुन्हा मोजायचे. एक गट रोज बारा नमस्कार घालतो. दुसऱ्याला नुसते बसवून ठेवणे बरोबर नव्हते. त्यांना तेवढाच वेळ लगोरी दिली आहे. आता नमस्कारवाले कुरकुरताहेत.