दावा आणि नमुना : व्यवसाय बदलणाऱ्याचे संकेतस्थळ

आत्मचरित्र, बायोडेटा आणि दुकानाची पाटी या तिन्हींच्या सीमेवर गेल्या काही वर्षांत एक नवा लेखनप्रकार रुजला आहे. व्यवसाय बदलू पाहणारा माणूस आपल्या कामाचे नमुने मांडण्यासाठी स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ उभारतो. त्याला 'पोर्टफोलिओ' म्हणतात. त्याची चर्चा सहसा तांत्रिक अंगाने होते : अक्षरवळण कोणते, रंग किती, पान किती झटपट उघडते. मला मात्र तो आत्मपर लेखनाचा प्रकार म्हणून तपासावासा वाटतो. आयुष्यातले काय ठेवायचे आणि काय पुसायचे, हा निर्णय तिथे प्रत्येक ओळीत घ्यावा लागतो.

सोलापूरचेच उदाहरण घेऊ. 1877 साली इथे कापडगिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग राहिले आणि चादरीने गावाचे नाव सर्वदूर नेले. त्या चादरीवरचा मोर किंवा वेलबुट्टी आखणारा जेकार्ड डिझाइनर मात्र कुणाला ठाऊक नसतो. जुन्या पद्धतीत तो ग्राफपेपरवर नक्षी उतरवतो. एक चौकट म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याचा एक छेद. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडतात. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. समजा, पंधरा वर्षे हे काम केलेल्या माणसाला आता मोबाइल अ‍ॅपच्या पडद्यांची रचना करायची आहे. त्याचे संकेतस्थळ कसे असावे?

बाजारात मिळणारा तयार साचा त्याला सांगतो : वर मोठा फोटो, खाली 'नमस्कार, मी अमुक', मग कौशल्यांच्या पट्ट्या, कुठे 90 टक्के, कुठे 75. हे टक्के कशाचे, ते कुणीच विचारत नाही. शेवटी शिकवणीत केलेल्या काल्पनिक अ‍ॅपची तीन चित्रे. पंधरा वर्षे एका ओळीत आटोपतात किंवा गळूनच पडतात. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. पाहणाऱ्याला समोर नवशिका दिसतो आणि पगारही तो नवशिक्याचाच देऊ करतो.

स्वतःची अशी फेरमांडणी नवी नाही. 1482च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला लिहिलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. त्यात आधी पूल, तोफा, वेढ्याची यंत्रे येतात; चित्रकला अगदी शेवटी. वाचणाऱ्याची गरज ओळखून केलेली ही मांडणी आहे. पण पत्र दाव्यांवर संपत नाही. शंका वाटेल ते करून दाखवण्याची तयारी तो शेवटी कळवतो. दाव्याला नमुन्याची जोड लागते, हे त्याला ठाऊक होते.

याहून जवळचा दाखला जेकार्डचाच. 1839 साली फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जेकार्डची तसबीर रेशमात विणली गेली. त्यासाठी सुमारे 24,000 कार्डे लागली. ते कोरीव छापचित्र आहे, असे पाहणाऱ्याला वाटे. चार्ल्स बॅबेजने तिची एक प्रत मिळवली होती आणि त्याच्या नियोजित गणनयंत्रातही अशीच कार्डे वापरायची होती. तसबिरीत जेकार्डच्या भोवती कार्डे, हत्यारे आणि मागाची प्रतिकृतीही दिसते. यंत्र काय करू शकते, हे सांगायला वेगळ्या शब्दांची गरज उरत नाही.

आपल्या डिझाइनरने हेच करावे, असे माझे मत आहे. एकच काम घ्यावे. मोजक्या रंगांत मोर कसा बसवला, नक्षी पुन्हापुन्हा येताना सांधा दिसू नये म्हणून काय केले, कोणता आराखडा टाकून दिला आणि का, हे क्रमाने दाखवावे. मग तीच शिस्त अ‍ॅपच्या पडद्यावर लावून दाखवावी. जुना व्यवसाय असा नव्याचा पुरावा ठरतो.

यात एक खरी अडचण आहे. चादरीवर नाव कारखान्याचे असते. डिझाइन मालकाचे, कार्डे पाडणारा वेगळा, विणणारा आणखी वेगळा. तेव्हा परवानगीशिवाय ती नक्षी संकेतस्थळावर टाकणे योग्य नाही आणि सगळे श्रेय 'मी'ने घेणे त्याहून अयोग्य. परवानगी न मिळाल्यास नवी नक्षी आखून तीच अडचण सोडवून दाखवता येते. माझा वाटा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे लिहिणाऱ्यावर विश्वास बसतो.

निवड करणाऱ्याला इतके वाचायला वेळ नसतो, असे म्हटले जाते. ते खरेही आहे. म्हणूनच दहा कामांची यादी नको, एकाच कामाची पूर्ण हकिकत हवी. आणि तिचा निष्कर्ष पहिल्या दोन ओळींत हवा. टक्केवारीच्या पट्ट्या काढल्या की तेवढी जागा सहज मिळते.