एकट्याचा संसार आणि आमचें वाङ्मय

आमच्या वाङ्मयांत गरिबीला मान आहे. परंतु तो मिळण्यास तिला कुटुंब असावें लागतें. स्वतः उपाशी राहून चार मुलांस वाढणारी आई, कर्ज फेडतां फेडतां खंगलेला बाप, एका ताटांत जेवणारीं भावंडें, यांच्याविषयीं आमच्या लेखकांनीं पानेंच्या पानें लिहिलीं आणि वाचकांनीं डोळे पुसले. उलट, परगांवीं भाड्याची खोली घेऊन तुटपुंज्या वेतनांत एकट्यानें महिना काढणारा माणूस बहुधा विनोदी लेखकांच्या वाट्यास गेला. त्याचा करपलेला भात, बटण तुटलेला सदरा, महिनाअखेरची उसनवारी हे हंशाचे विषय झाले. हा भेद कां पडला आणि त्यामुळें वाङ्मयाचें काय नुकसान झालें, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

साने गुरुजींचें उदाहरण घ्यावें. 1924 पासून 1930 पर्यंत ते अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते, आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांनीं वाहिली. एकटा जीव आणि मास्तराचें वेतन, असा तो काळ होता. पुढें 1933 सालीं नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं ‘श्यामची आई’ लिहिली व 1935 सालीं ती प्रसिद्ध झाली. महाराष्ट्राच्या मनांत घर केलें तें कोंकणांतल्या त्या आईनें. अंमळनेरच्या एकट्या शिक्षकाचा संसार कोणाच्या फारसा ध्यानांत राहिला नाहीं. यांत गुरुजींकडे दोष नाहीं. परंतु त्या पुस्तकाकडे जरा कोरड्या नजरेनें पाहिलें तर एक गोष्ट दिसते. श्यामच्या घरचें दारिद्र्य सोसण्याजोगें झालें तें आईच्या हातांमुळें, आणि त्या हातांच्या कष्टांची किंमत रुपयांत कोणीं कधीं मांडली नाहीं. आपण त्यास प्रेम म्हणतों. तें प्रेम होतेंच; पण तें रोज पहांटे उठून करावयाचें कामही होतें.

हें काम वजा केलें असतां काय उरतें, हें पाहण्यासाठीं त्याच जिल्ह्यांतील पहुरास यावें. जामनेर तालुक्यांतील हें गांव वाघूर नदीच्या कांठीं, पेठ आणि कसबे अशा दोन भागांत वसलेलें आहे. जळगांवाहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता येथून जातो. पाचोऱ्याहून जामनेरास जाणारी छोटी आगगाडीही 2020 सालीं बंद पडेपर्यंत येथें थांबत असे. अशा रस्त्यावरच्या गांवीं बाहेरगांवचे मास्तर, कारकून, बँकेंतील नोकर येतात आणि खोली घेऊन राहतात. त्यांपैकीं नुकताच लागलेला शिक्षणसेवक घ्या. 2000 सालीं महाराष्ट्र शासनानें ही योजना काढली. पहिलीं तीन वर्षें पूर्ण वेतनाऐवजीं ठराविक मानधन द्यावयाचें. माध्यमिक शाळेंत तें आरंभीं महिना 4,000 रुपये होतें, पुढें 8,000 झालें, आणि 2023 पासून 18,000 करण्यांत आलें. आंकडा वाढला, परंतु या उमेदवाराच्या मागें घर आहे, तेथें कोणीतरी रांधून घालील, हें त्यामागचें गृहीत तसेंच राहिलेलें दिसतें.

एकट्याचा खर्च हा दोघांच्या खर्चाचा अर्धा नसतो, हें ज्यानें एकट्यानें दिवस काढले त्यासच कळतें. खोलीचें भाडें डोकीं मोजून ठरत नाहीं. दिवा एकासाठीं लावला काय किंवा चौघांसाठीं लावला काय, तितकाच जळतो. मेथीची जुडी एका माणसाच्या एका जेवणास जास्त होते आणि दुसऱ्या दिवशीं पिवळी पडते. स्वतः रांधावें तर शाळेआधींचे दोन तास गेले. डबा लावावा तर दुसऱ्याच्या दोन तासांचे पैसे मोजावे लागतात. ताप आला तर पेजसुद्धां विकत घ्यावी लागते. सांगावयाचें तात्पर्य हें कीं, कुटुंबांत जें जें फुकट मिळतें असें आपण समजतों, तें तें एकट्याला आपल्या खऱ्या भावानें विकत घ्यावें लागतें.

आणि तरीही महिना निघतो. तो कसा निघतो? दर महिन्या-दोन महिन्यांनीं एस. टी.नें गांवाकडून एक पोतें येतें. त्यांत कळण्याचें पीठ असतें, उडदाची डाळ असते, तिखट असतें, आणि उन्हाळ्यांत आईनें गच्चीवर वाळवलेल्या बिबड्या असतात. खर्चाच्या वहींत या पोत्यापुढें शून्य लिहिलेलें असतें. उलट दिशेनें त्याच वेतनांतून धाकट्या बहिणीच्या फीचे पैसे गांवाकडे जातात. ते मात्र वहींत नीट मांडलेले असतात. म्हणजे ज्याला आपण एकटा म्हणतों तो हिशेबापुरता एकटा नसतोच. एका बाजूनें त्याला कोणाचे तरी कष्ट पुरवठा करीत असतात, आणि दुसऱ्या बाजूनें त्याचा पगार कोणाचा तरी संसार ओढीत असतो.

मुंबईच्या गिरणगांवांत हें शून्य पूर्वींच आंकड्यांत उतरलें होतें. कोंकणांतून व घाटावरून एकटे आलेले गिरणीकामगार खानावळींत जेवीत, आणि अशा कित्येक खानावळी बायका आपल्याच लहान खोल्यांतून चालवीत. 1975 सालीं प्रेमा पुरव यांनीं या बायकांस एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें व त्यांस बँकेचें कर्ज मिळवून देण्याची खटपट केली. स्वतःच्या घरीं जें काम बिनमोल होतें, तेंच परक्या कामगारास वाढतांच धंदा ठरलें आणि बँकेच्या कागदावर चढलें. अर्थशास्त्राच्या पुस्तकांपेक्षां हा धडा आम्हांस अधिक बोलका वाटतो.

आमच्या वाङ्मयांत या हिशेबाची दुसरी बाजू धीटपणें मांडली ती विभावरी शिरूरकरांनीं, म्हणजे मालतीबाई बेडेकरांनीं. 1933 सालीं ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झालें तेव्हां मोठें वादळ उठलें. त्यांतील एका कथेचें ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हें नांवच पुरेसें बोलकें आहे. मुलगी शिकते, मिळवूं लागते, आणि तिची मिळकत वडिलांच्या घरास इतकी आवश्यक होते कीं तिच्या लग्नाचा विचार मागें पडतो. 1934 सालच्या ‘हिंदोळ्यावर’ या कादंबरींत नवऱ्यापासून दूर राहून स्वतःच्या कमाईवर जगूं पाहणारी अचला आली. त्या वेळच्या टीकाकारांनीं या पुस्तकांतील नीतीची चर्चा पुष्कळ केली. पगाराची फारशी केली नाहीं. आमच्या मतें तेथेंच त्यांचा नेम चुकला. मिळवत्या मुलीचा पगार कोणाचा, हा प्रश्न नीतीच्या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्या पुस्तकांच्या मुळाशीं आहे.

पुरुषाच्या बाजूनें हाच विषय पूर्ण गांभीर्यानें घेतला तो खानदेशच्याच भालचंद्र नेमाड्यांनीं. ‘कोसला’ (1963) मधील पांडुरंग सांगवीकर पुण्यास राहतो तो वडिलांच्या पैशावर. त्याचें एकटेपण अजून दुसऱ्याच्या खर्चाचें आहे. ‘बिढार’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ या पुढील कादंबऱ्यांतील चांगदेव पाटील मात्र स्वतःच्या पगारावर जगतो. गांवोगांवच्या महाविद्यालयांत इंग्रजी शिकवीत तो बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडतो. खोली, जेवण, सहकाऱ्यांचे हेवेदावे, पुढील वर्षीं नोकरी राहील कीं नाहीं ही धास्ती, या गोष्टी येथें कथानकाच्या कडेची नक्षी म्हणून येत नाहींत. त्याच कथानक होतात. स्वतः नेमाडे अहमदनगर, धुळें, औरंगाबाद अशा गांवीं अध्यापक होते, त्यामुळें या वर्णनांस अनुभवाचें वजन आहे. आमच्याच कांहीं विद्यार्थ्यांनीं एम. ए. होऊन तासिका तत्त्वावर शिकविणें पत्करलें आहे. त्यांस चांगदेव परका वाटत नाहीं. तथापि या कादंबऱ्यांची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. एकट्या पुरुषाची कुचंबणा त्या जितक्या बारकाईनें पाहतात, तितक्या बारकाईनें त्याला जेवूं घालणाऱ्या हातांकडे पाहत नाहींत. शिरूरकर आणि नेमाडे यांचीं पुस्तकें शेजारीं ठेवून वाचलीं तरच हिशेबाच्या दोन्ही बाजू जुळतात.

यावर कोणी म्हणेल कीं, वाङ्मय ही वाण्याची वही नव्हे. भाड्याचे आणि डब्याचे आंकडे मांडून रस कोठून उत्पन्न होणार? आम्ही एवढेंच विचारतों कीं, ज्या काळजीनें माणसाची रात्रीची झोंप जाते ती रसास अपात्र कशी? प्रेमभंगानें झोंप उडालेल्या नायकांस आम्ही दीडशें वर्षें सहानुभूति दिली. मग वीस तारखेस खिसा रिकामा झालेल्या मास्तरास ती कां नाकारावी? शिवाय प्रश्न केवळ सहानुभूतीचा नाहीं. घरांतल्या कष्टांस मोल नाहीं असें वाङ्मयानें पिढ्यान्‌पिढ्या गोड भाषेंत सांगितलें, म्हणून एकट्याचें वेतन ठरविणारांसही तें मोल दिसेनासें झालें, असें म्हणणें अगदींच अन्यायाचें होणार नाहीं.

आतां पहुरासारख्या गांवीं खोली घेऊन राहणाऱ्या शिक्षिकाही आहेत. त्यांस भाड्याखेरीज घरमालकाच्या चौकश्यांसही तोंड द्यावें लागतें, आणि कोणी काळवेळ विचारूं नये म्हणून कित्येकदां सोयीची पण महाग खोली पत्करावी लागते. त्यांची कादंबरी अजून आमच्या वाचनांत आलेली नाहीं. ती जो कोणी लिहील, त्यानें किंवा तिनें या बाईस दयेचा विषय करूं नये आणि हंशाचाही करूं नये. तिचा महिना पहिल्या तारखेपासून अखेरपर्यंत कसा निघतो तें सरळ मांडावें; आणि मांडतांना गांवाकडून आलेल्या पोत्यापुढचें तें शून्य आधीं खोडावें.