कूडल येथील लेख आणि त्याचा वाचक

सोलापूर जिल्ह्यात भीमा व सीना यांच्या संगमावर हत्तरसंग-कूडल हे क्षेत्र आहे. तेथील संगमेश्वराच्या प्राचीन मंदिरात येणारे लोक दोन प्रकारचे असतात. काही देवदर्शनास येतात. काही तुळईवरील शके ९४० चा, म्हणजे स्थूलमानाने इ. स. १०१८ चा, लेख पाहावयास येतात. प्रस्तुत लेखक दुसऱ्या वर्गातला. या वर्गाच्या भक्तीचीच येथे थोडी चिकित्सा करावयाची आहे.

सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी उजेडात आणलेल्या या लेखाचा परिचय 'आद्य मराठी शिलालेख' असा करून देण्याचा प्रघात पडला आहे. अक्षीच्या लेखाचा शके ९३४ हा काल ग्राह्य धरल्यास हा मान टिकत नाही. श्रवणबेळगोळच्या मराठी ओळीचा कालही वादग्रस्त आहे. मराठीस २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा प्राचीनत्वाचे पुरावे मोजण्याची हौस वाढावी हे स्वाभाविकच होय. परंतु अग्रपूजेचा मान कोणाचा, हा भाषाशास्त्राचा मुख्य प्रश्न नव्हे.

मुख्य प्रश्न लेखाच्या अखेरच्या ओळीत आहे. 'वाछि तो विजेया होईवा' असे तिचे वाचन सामान्यतः स्वीकारले जाते. जो वाचील तो विजयी होईल, हा तिचा अर्थ. 'वाछि' हे रूप 'वांछ्' धातूशी जोडल्यास अर्थ पालटतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि 'वाचणे' हा संबंध प्रस्तुत लेखकास अधिक सयुक्तिक वाटतो. दानलेखांच्या शेवटी बहुधा शापवचन येते. येथे वाचकास आशीर्वाद आहे, आणि तो मराठीत आहे. ज्याला आशीर्वाद द्यावयाचा त्याला ती भाषा कळते, हे त्यात गृहीतच आहे.

हा वाचक कोणत्या प्रदेशात वावरत होता? चालुक्य राजवटीत या परिसरातील कित्येक लेख कन्नडात कोरले गेले. पुढे बाराव्या शतकात सोलापूरच्या सिद्धरामांनी वचने रचली ती कन्नडातच. 'कूडल' या कन्नड शब्दाचा अर्थही संगम असाच आहे. म्हणजे 'कूडल संगम' म्हणताना आपण एकच गोष्ट दोन भाषांत बोलतो, आणि तरीही लेखाकडे मात्र एकाच भाषेचे मानचिन्ह म्हणून पाहतो!

तात्पर्य, हा लेख मराठीच्या एकाकी उदयाचा साक्षीदार नसून द्वैभाषिक समाजातील मराठी वाचकाचा साक्षीदार आहे. प्राथम्याचा मान उद्या नव्या लेखाकडे गेला, तरी त्याची ही साक्ष उणी होणार नाही. विद्यार्थ्यांनी कूडलास अवश्य जावे. मात्र तुळईवरील ही ओळ पाहून परतू नये. परिसरातील कन्नड लेखही तिच्याबरोबर अभ्यासावेत. त्यावाचून तिचे वाचन अपुरे राहील.