चौकटीतले पात्र, पडद्याचा बाजार

भिवंडीच्या निजामपुऱ्यात वाढलेल्या मला हा व्यवहार मागावर उमगला. सूत व्यापाऱ्याचे, माग आपला. मजुरी घ्यायची, कापडावरचा हक्क सोडायचा. सीगल आणि शुस्टर यांनी १९३८ साली १३० डॉलरला सुपरमॅन दिला, तो याच रीतीने.

मार्व्हलनेही तंगीच्या काळात स्पायडरमॅन सोनीकडे, एक्स-मेन फॉक्सकडे सोपवले. चित्रपट चालले, मोठा गल्ला स्टुडिओंचा झाला. २००५ मध्ये मात्र कंपनीने दहा पात्रांचे चित्रपटहक्क तारण ठेवून ५२.५ कोटी डॉलरचे कर्ज उभारले आणि स्वतः चित्रपट काढले. आमच्याकडे माग गहाण टाकून स्वतःचे सूत घेणारा हेच करतो. फसला तर माग जातो. मार्व्हल तरली. २००९ मध्ये डिस्नेने ती सुमारे ४०० कोटी डॉलरला घेतली.

मराठीत चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून वर्तमानपत्रात रोज भेटत राहिला. श्रीरंग गोडबोले यांनी २०१२ आणि २०१३ मध्ये त्याला पडद्यावर आणले. मुले गोड आहेत; पण काही चौकटींत संपणारी गंमत ताणायला दुसऱ्या भागात खजिना शोधावा लागला. माझा आक्षेप इथेच आहे. पडद्याला नाव आणि चेहरा मिळतो. त्यांची किंमत मात्र एकवीस वर्षांच्या रोजच्या भेटीने घडलेली असते. म्हणून करारात चित्रकाराने मजुरी नव्हे, वाटा मागावा. आणि ठरल्या मुदतीत चित्रपट न निघाल्यास पात्र घरी परतावे.