एका ओळीत मावलेला भूकंप

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातल्या कुरुंदा, पांगरा शिंदे या भागाला जमिनीखालून येणाऱ्या गूढ आवाजांची चांगलीच ओळख आहे. 2024 साली 21 मार्च आणि 10 जुलै या दोन्ही दिवशी सकाळी हिंगोली जिल्हा 4.5 तीव्रतेच्या धक्क्यांनी हादरला. त्याआधी, 2022च्या जुलैत, कुरुंद्यात पुराचे पाणी शिरले होते. हादरा आणि पाणी एकत्र आले तर पायाखालची जमीन पातळ होईल का? अभियंते बोल्टन सीड आणि इझत इद्रिस यांनी 1971 साली मांडलेले एका ओळीचे सूत्र नेमका हाच प्रश्न हाताळते. ते सावकाश, पदापदाने वाचण्यासारखे आहे.

मूळ घटना अशी. पाण्याने भरलेली सैल वाळू हादरली की कण दाटीने बसू पाहतात, पण मधल्या पाण्याला निसटायला सवड मिळत नाही. कणांनी पेललेला भार पाण्यावर येतो आणि वाळू वाहू लागते. 1964 साली जपानमधल्या निइगाता शहरात अख्ख्या इमारती अशाच कलंडल्या. एवढा थरार सूत्रात चार पदांच्या गुणाकारात बसतो, हीच पहिली दाद.

पहिले पद 0.65. भूकंपातला सर्वांत मोठा झटका क्षणभराचा असतो; पाण्याचा दाब मात्र लहानमोठ्या झटक्यांनी साठत जातो. म्हणून कमाल झटक्याचे 65 टक्के धरून त्या वेड्यावाकड्या थरथरीच्या जागी एकसारखी आवर्तने मानली. 7.5 तीव्रतेच्या भूकंपासाठी अशी साधारण 15. 0.65 हा आकडा अनुभवातून आणि तारतम्यातून आला आहे, आणि तो तसाच उघडपणे वापरण्यात अभ्यासकाचा आत्मविश्वास दिसतो.

दुसरे पद म्हणजे कमाल हादऱ्याचे गुरुत्वाकर्षणाशी प्रमाण. खरी करामत तिसऱ्यात आहे. वरच्या मातीच्या एकूण भाराला कणांनी प्रत्यक्ष पेललेल्या भाराने भागायचे. जमीन कोरडी असेल तर उत्तर एक. भूजल पृष्ठभागापर्यंत चढले की जवळपास दोन. म्हणजे तोच धक्का उन्हाळ्यात जेवढा, त्याच्या जवळपास दुप्पट भर पावसाळ्यात! पाण्याचा शब्दही न उच्चारता एका भागाकारात अख्खा पावसाळा सामावला आहे.

चौथे पद खोलीसोबत हादरा किती ओसरतो ते सांगते. इथवर हादऱ्याची बाजू झाली; यापुढे जमिनीचे उत्तर ऐकायचे. सैल वाळू न विस्कटता प्रयोगशाळेत नेणे फार अवघड, म्हणून परीक्षा बोअरमध्येच घेतात. 63.5 किलोचा घण 75 सेंटिमीटरवरून पडतो आणि नळी जमिनीत ठोकत नेतो. पहिल्या 15 सेंटिमीटरचे ठोके मोजणीत धरत नाहीत, कारण बोअर घेताना तळ विस्कटलेला असतो. पुढच्या 30 सेंटिमीटरचे ठोके धरतात. मोजण्याआधी जमिनीला सावरू देणारी ही रीत किती समंजस आहे!

सीड आणि सहकाऱ्यांनी 1985 साली ठोके आणि हादरा यांचा आलेख घोटून काढला. वाळू उसळलेल्या जागा एकीकडे, शाबूत राहिलेल्या दुसरीकडे, आणि मधली रेषा मुद्दाम सावध बाजूला झुकलेली. खोलीनुसार सुधारलेले ठोके 30च्या वर गेले की स्वच्छ वाळू निर्धोक. आयएस 1893 या भारतीय मानकाच्या 2016च्या आवृत्तीतही हीच पद्धत आहे. त्या रेषेच्या झुकावात गणिताइतकीच माणसांची काळजी आहे.

आता ही ओळ कुरुंद्यात वाचू. इथली काळी माती चिकण, तिचे कण एकमेकांना धरून राहतात. खाली मुरूम आणि काळा पाषाण. 4.5चा धक्का अशा घटनेसाठी सहसा अपुरा पडतो. नदीकाठच्या वाळूच्या थराची परीक्षा वेगळी घ्यावी. शिवारातली काळी जमीन मात्र वाळूसारखी वाहणारी नव्हे. इथल्या माणसाने आधी पाहाव्यात त्या दगडमातीच्या भिंती, कारण 1993च्या किल्लारी भूकंपात जीव घेतले ते अशाच भिंतींच्या घरांनी. कुठे भ्यावे आणि कुठे भिऊ नये, हे दोन्ही सारख्याच स्वच्छपणे सांगते, म्हणून ही ओळ मला थोर वाटते.