विनोदाची मुद्रा : भारूड, बहुरूपी आणि भ्रमणध्वनी

१

मराठी विनोदाची मीमांसा आजवर प्रामुख्याने छापील ग्रंथांच्या आधारे झाली आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून चिं. वि. जोशी, आचार्य अत्रे आणि पु. ल. देशपांडे यांच्यापर्यंतची परंपरा पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यास परिचित असते. तथापि गेल्या दहा-पंधरा वर्षांत सामान्य मराठी माणसाने जो विनोद वारंवार वाचला, ऐकला आणि इतरांस धाडला, त्याची नोंद या परंपरेत कोठेही आढळत नाही. हा विनोद भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येतो, हसवतो आणि पुढे जातो. त्याविषयी दोन भूमिका सामान्यतः ऐकू येतात. एक पक्ष त्यास उथळ म्हणून दूर सारतो. दुसरा त्याचा 'नवे लोकसाहित्य' म्हणून गौरव करतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन्ही भूमिका एका मूलभूत गोष्टीकडे दुर्लक्ष करतात. त्या गोष्टीस येथे 'मुद्रा' असे नाव दिले आहे.

संतकाव्याच्या अखेरीस कर्त्याची नाममुद्रा येते, हे सर्वश्रुत आहे. येथे तोच शब्द थोड्या व्यापक अर्थाने वापरला आहे. कोणतीही विनोदी अनुकृती ही दुसऱ्याच्या वाणीची उसनवारी असते. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याची उपपत्ती शृंगाराच्या अनुकृतीतून सांगितली, त्यात हे तत्त्व बीजरूपाने आहेच. ही उसनवारी कोणी केली, कोणाच्या सोंगातून केली आणि सोंग कोठे संपते, हे श्रोत्यास कळवणारी जी खूण, ती त्या विनोदाची मुद्रा होय. मुद्रा शाबूत असेल तर अनुकृती विनोद ठरते. मुद्रा गळाली तर तेच शब्द थाप, अपमान किंवा प्रसंगी जीवघेणी अफवा ठरू शकतात.

२

या तत्त्वाचे मराठीतील एक ठळक उदाहरण मराठवाड्याच्याच भूमीत सापडते. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात जी भारुडे रचली, त्यांत गारुडी, जोशी, महारीण, वाघ्या अशी सोंगे आहेत. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने त्यांतील अर्जदस्त, जाबचिठ्ठी, ताकीदपत्र, अभयपत्र आणि कौलनामा हा गट विशेष महत्त्वाचा आहे. ही सारी त्या काळच्या राज्यकारभारातील कागदपत्रांची नावे. फारसी शब्दांनी गच्च भरलेली दरबारी लेखनपद्धती हे त्या काळचे सत्तेचे तंत्र होते. खेडुताचे आयुष्य त्या कागदावर ठरत असे, आणि कागदाची भाषा मात्र त्यास परकी होती.

एकनाथांनी तीच भाषा उचलली. 'अर्जदस्त' मध्ये शरीर हा परगणा होतो, जीव हा त्यावर नेमलेला शेखदार होतो आणि कामक्रोधादी विकार हे तेथले मनमानी अंमलदार होतात. कारकुनी मायना जसाच्या तसा. आशय मात्र परमार्थाचा. ऐकणारा प्रथम मायना ओळखून हसतो आणि मग त्या हसण्यातूनच अंतर्मुख होतो. या हसण्यात संभ्रमास जागा नाही, कारण अखेरीस 'एका जनार्दनी' ही मुद्रा येते. हा कागद कचेरीतला नव्हे, हे ती सांगते.

नव्या यंत्राची किंवा नव्या कारभाराची भाषा उसनी घेऊन स्वतःच्या जीवनाविषयी बोलणे ही रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे. आज कोणी 'डोक्यातील मेमरी भरली' किंवा 'संसार हँग झाला' असे म्हणतो, तेव्हा तो नकळत अर्जदस्ताच्याच वाटेने चाललेला असतो.

३

मुद्रेचा दुसरा प्रकार बहुरूप्याचा. पोलिसाचा गणवेश चढवून तो दारात उभा राहतो, घरधन्यावर खोटा आरोप ठेवतो, चौकीवर चलण्याचा हुकूम सोडतो. घरातील पोरे घाबरतात. मग तो सलाम ठोकतो, सोंग उतरवतो आणि बिदागी मागतो. आजच्या भाषेत ज्यास 'प्रँक' म्हणतात त्याचा हा पूर्ण आराखडाच होय. बहुरूप्याची कला भीती निर्माण करण्यात जेवढी आहे तेवढीच ती वेळेवर मिटवण्यात आहे. त्याचा सलाम ही त्याची मुद्रा. बिदागी मिळते ती फसवणुकीबद्दल नव्हे, तर फसवणूक वेळेत उघड केल्याबद्दल.

तिसरे उदाहरण अलीकडचे. लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग सादर केला. एकच नट, बावन्न व्यक्तिरेखा आणि मराठवाडी बोली. खेड्यातले वऱ्हाड विमानात बसते, ही कल्पनाच यंत्रयुग आणि ग्रामजीवन यांच्या टकरीची आहे. या टकरीत हसू कोणाचे होते, हा समीक्षेचा खरा प्रश्न. वरवर पाहता खेडूत हास्यास्पद दिसतात. परंतु प्रयोगातील विमान आणि लंडन ही दोन्ही त्यांच्याच बोलीतून वर्णिली जातात. बोली ही येथे दृष्टीचे स्थान आहे, केवळ दृश्याचा विषय नव्हे. शिवाय नट प्रेक्षकांसमोर उभा आहे. तो याच मुलखाचा आहे आणि त्यांच्याबरोबर स्वतःलाही हसत आहे, हे प्रेक्षकांस दिसते. येथे नटाचे शरीर हीच मुद्रा होते.

हा भेद हिमायतनगरसारख्या गावी विशेष जाणवतो. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील या तालुक्याच्या ठिकाणाचे जुने नाव वाढोणा. विदर्भ आणि तेलंगण दोन्ही येथून जवळ असल्याने मराठी, दखनी उर्दू, तेलुगू आणि बंजारा बोली एकाच बाजारात ऐकू येतात. 'जाऊ लालो', 'करू लालो' असे क्रियारूप येथील तरुणाच्या तोंडी सहज असते. तेच रूप तो पडद्यावर ऐकतो तेव्हा ते गड्याच्या, चौकीदाराच्या किंवा बावळटाच्या तोंडी घातलेले आहे, की गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडी आहे, यावर त्याचे हसू आणि त्याचा संकोच अवलंबून असतो. पहिल्या प्रकारात बोली हे मूर्खपणाचे चिन्ह ठरते. दुसऱ्या प्रकारात ती निवेदनाची भाषा ठरते. शब्द दोन्हीकडे तेच, मुद्रा भिन्न.

४

आजच्या दृक्श्राव्य विनोदात मुद्रा सांभाळणारी निर्मिती पुष्कळ आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'भारतीय डिजिटल पार्टी' ने, म्हणजे 'भाडिपा' ने, मध्यमवर्गीय घरातील आई आणि मुलगा यांचे नाते भ्रमणध्वनीच्या सान्निध्यात कसे पालटते, हे आत्मीयतेने टिपले. विनायक माळी यांनी आगरी बोलीस निवेदनाचे स्थान मिळवून दिले. साताऱ्याकडील खेड्यातून निघालेल्या 'गावाकडच्या गोष्टी' ने ग्रामीण तरुणांस स्वतःची भूमिका स्वतः करण्याची वाट दाखवली. 'खास रे टीव्ही' सारख्या मंडळींनी परदेशी चित्रफितींवर रांगडे मराठी संवाद चढवले. अमेरिकेच्या अध्यक्षांस मराठी समाजमाध्यमांनी 'तात्या' केले, ही घटना तर भाषाशास्त्रीय दृष्ट्या मोठी मनोरंजक आहे. जगातील बलाढ्य सत्ताधीशास नातेवाचक संबोधन लावताच तो पारावरचा हट्टी म्हातारा होतो. मूळ दृश्य आणि चढवलेला आवाज यांतील विसंगती इतकी उघड असते की, तीच मुद्रेचे कार्य करते.

मुद्रा धारण करण्यास किंमत पडते, याचेही उदाहरण आहे. जुलै २०१७ मध्ये रेडिओ निवेदिका मलिष्का यांनी त्या वेळी गाजत असलेल्या 'सोनू' गीताच्या चालीवर मुंबईतील खड्ड्यांविषयी विडंबन केले. त्यानंतर त्यांच्या कुटुंबाच्या घरी डासांच्या अळ्या आढळल्याची नोटीस महापालिकेने काढली, आणि सत्ताधारी पक्षाच्या नगरसेवकांनी पाचशे कोटींच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची मागणी केली. विडंबनकाराचे नाव व चेहरा ठाऊक असल्यामुळेच हे घडू शकले. परंतु त्यामुळेच लोकांस उपहास कोणाचा, कोणी आणि कशासाठी केला, हेही स्पष्ट राहिले.

५

याच्या उलट, मुद्रा खोटी लावण्याचा प्रकार. पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या नावाने फिरणाऱ्या, परंतु त्यांच्या कोणत्याही ग्रंथात न आढळणाऱ्या मजकुरांचा अनुभव प्रत्येक वाचकास असेल. यातील गंमत अशी की, मध्ययुगातही 'नामा म्हणे', 'तुका म्हणे' अशा मुद्रा लावून इतरांनी अभंग रचले आणि त्यांच्या पाठनिश्चितीत संशोधकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. भेद एवढाच की, प्रक्षेपकार बहुधा संताच्या छायेत लीन होऊ पाहत होता. आजचा प्रेषक मात्र आपल्या मजकुरास वजन यावे म्हणून मोठे नाव वापरतो. परिणाम असा की, ज्या लेखकाच्या विनोदात वाक्यावाक्यास तोल होता, त्याच्याच नावावर भाबडी सुभाषिते जमा होतात.

शासकीय परिभाषेविषयीचे विनोद याच वर्गात मोडतात. रेल्वेच्या सिग्नलसाठी दीड ओळीचा संस्कृत समास सरकारने घडवला, हा विनोद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मुळात तो पंडिती शब्दनिर्मितीचे विडंबन म्हणून जन्मला असावा. आज तो सत्यकथा म्हणून सांगितला जातो, आणि १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने प्रत्यक्षात जे सुबोध शब्द रूढ केले ते मात्र कोणास आठवत नाहीत. एका विनोदाची मुद्रा गळाल्यामुळे मराठीतून शास्त्र सांगताच येत नाही, हा न्यूनगंड पोसला गेला.

पत्नीस संगणकीय प्रणालीची आवृत्ती कल्पून रचलेला प्रदीर्घ विनोद हे तिसरे उदाहरण. हा इंग्रजीतून आलेला मजकूर असून मराठीत त्याची केवळ शब्दयोजना बदलली आहे. एकनाथांच्या अर्जदस्तात उसनी भाषा सांगणाऱ्याच्याच विकारांवर रोखलेली असते. येथे ती घरातील स्त्रीवर रोखलेली आहे, आणि सांगणारा नामानिराळा आहे. उसनवारी तीच असली तरी दोहोंचे नैतिक मूल्य सारखे नाही.

६

मुद्रा समूळ कापली गेली तर काय होते, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे दिसले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांस ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातील, भिक्षेसाठी फिरणारे लोक होते. त्या वर्षीच्या अफवांच्या लाटेत देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक वास्तविक कराचीतील बालसुरक्षाविषयक प्रचारपट होती. तिच्या अखेरीस हे नाट्य असल्याचे स्पष्ट करणारा संदेश होता. तो कापून उरलेले दृश्य सत्य म्हणून धाडले गेले. म्हणजे भारुडाची मुद्रा खोडून अर्जदस्त खऱ्या कचेरीत दाखल केल्यासारखे झाले. ज्यांची उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या वेष आणि वाणी यांवर चालत आली, अशाच एका भटक्या समाजास या मुद्राहीन नाट्याच्या काळात प्राण गमवावे लागले, ही गोष्ट मराठी भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे धाडलेल्या संदेशावर 'फॉरवर्डेड' असा शिक्का लावण्यास आरंभ केला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश धाडण्याची मर्यादा घातली. ही यांत्रिक मुद्रा म्हणता येईल. परंतु ती मजकूर हातोहात आला एवढेच सांगते, कोणाच्या हातून निघाला हे सांगत नाही.

अलीकडील 'डिजिटल अरेस्ट' ची फसवणूक याच मालिकेतील आहे. गणवेशधारी इसम चित्रसंवादावर प्रकट होतो, आरोप ठेवतो, धमकावतो. हुबेहूब बहुरूपीच, फक्त अखेरचा सलाम नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांस आकाशवाणीवरून अशी कोणतीही अटक कायद्यात नसल्याचे सांगावे लागले. जे काम पूर्वी बहुरूपी स्वतः करी, ते आज शासनास करावे लागते.

७

येथे एक आक्षेप संभवतो. जात्यावरची ओवी, उखाणा, म्हण यांसही कर्ता नसतो. मग मुद्रेचा हा आग्रह का? याचे उत्तर असे की, लोकसाहित्यात प्रसंग हीच मुद्रा असते. ओवी जात्यावर म्हटली जाते, उखाणा लग्नघरात घेतला जातो, शिमग्यातील शिवी शिमग्यापुरती असते. कोणी, केव्हा आणि कोणत्या नात्याने बोलावे, हे प्रसंग ठरवतो. भ्रमणध्वनीवर आलेल्या मजकुरास प्रसंग नाही. तो अंत्ययात्रेत येतो, तसाच बारशातही येतो. म्हणून त्यास सरसकट लोकसाहित्य म्हणणे शास्त्रशुद्ध नाही. त्यास कर्त्याची मुद्रा नाही आणि प्रसंगाचीही नाही.

यावरून आपल्या विभागातील संशोधनासाठी एक कार्यदिशा निघते. विनोदाचे नमुने जमवताना केवळ मजकूर उतरवून घेणे पुरेसे नाही. तो कोणत्या दिवशी, कोणत्या नात्याच्या माणसाकडून, कोणत्या समूहात आला. त्याचा आरंभ व शेवट शाबूत आहे काय. कोणाचे नाव जोडले आहे आणि ते ग्रंथाधारे टिकते काय, हे टिपले पाहिजे. एकच विनोद मराठीत, दखनीत, तेलुगूत आणि बंजारा बोलीत कोणाच्या तोंडी घातला जातो, याची तुलना करण्यास या सीमाभागाइतके अनुकूल क्षेत्र क्वचितच मिळेल. अशा तुलनेतून प्रत्येक समाज कोणास हसतो आणि कोणास हसण्याचे टाळतो, हे प्रत्यक्ष पुराव्यानिशी सांगता येईल.

समीक्षेने नव्या माध्यमास नाके मुरडण्यात अर्थ नाही, आणि त्यापुढे टाळ्या वाजवण्यातही नाही. विनोद श्रेष्ठ की कनिष्ठ, या प्रश्नाआधी तो कोणाचा आणि कोठे संपतो, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. एकनाथांच्या श्रोत्यास त्याचे उत्तर शेवटच्या चरणात मिळत असे. आजच्या वाचकास ते स्वतः शोधावे लागते, आणि तसे शोधण्याची सवय लावणे हे भाषेच्या अध्यापकाचे कर्तव्य आहे.