कॉझने वेळ मोजली, ढीग मोजला नाही

सीझनमध्ये मानवतच्या एखाद्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये जाऊन उभे राहा. एका बाजूला ओळीने जिन चालू असतात, सरकी खाली पडते, रुई पुढे जाते. दुसऱ्या टोकाला एकच प्रेस. ती साधारण 170 किलोची एकेक गाठ बांधून बाहेर टाकते. प्रेस आधीच दिवसभर भरलेली आहे, आणि मालकाने नवे वेगवान जिन आणले. गाठी वाढतील का? एकही नाही. वाढेल तो प्रेससमोरचा रुईचा ढीग.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी हेच केलं. कापसाच्या जागी पावसाच्या नोंदी होत्या, एवढाच फरक. परभणी जिल्ह्यातल्या मंडळनिहाय फायली वाचणारे आठ थ्रेड, त्यांचं काम जोडून लिहिणारा एक थ्रेड, मध्ये रांग. 'पर्फ' चालवलं, तर सगळ्यात जास्त वेळ वाचणाऱ्या फंक्शनमध्ये जातोय असं दिसलं. तीन आठवडे त्याच्यामागे लागलो. फंक्शन खरंच वेगवान झालं, पण प्रोग्रामचा एकूण वेळ तसूभरही हलला नाही, आणि वर मेमरी संपून प्रोग्राम मधेच मरायला लागला. गाइडने शांतपणे विचारलं, "हे फंक्शन का निवडलंस?" पर्फने सांगितलं म्हणून, याशिवाय माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर मी चार्ली कर्टसिंगर आणि एमरी बर्जर यांचा 2015 च्या एसओएसपी परिषदेतला कॉझवरचा पेपर नीट वाचला. समांतर प्रोग्रामच्या कामगिरीवर काम करायचं असेल तर तुम्हालाही तो वाचावा लागेलच, म्हणून त्यात काय आहे आणि काय राहिलंय ते सांगतो.

सुरुवातीचं उदाहरणच पाठ करून ठेवण्यासारखं आहे. दोन थ्रेड सोबत धावतात, एकाला 6.7 सेकंद लागतात, दुसऱ्याला 6.4. साधा प्रोफाइलर म्हणतो, निम्मा वेळ इकडे, निम्मा तिकडे. पण पहिल्याचं काम पूर्ण काढून टाकलं तरी प्रोग्राम फक्त साडेचार टक्क्यांनी लवकर संपतो, कारण दुसरा धावतोच आहे. वेळ कुठे गेला आणि वेळ कुठे वाचेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पर्फ पहिल्याचं उत्तर देतं आणि आपण ते दुसऱ्याचं समजतो.

दुसऱ्याचं उत्तर काढायची कॉझची युक्ती अशी: एखादी ओळ खरोखर वेगवान करता येत नाही, म्हणून ती ओळ चालू असेल तेव्हा बाकी सगळ्या थ्रेडना थोडं थांबवायचं, आणि ते थांबणं शेवटी घड्याळातून वजा करायचं. जिनच्या भाषेत, तीन नंबरचा जिन चालतो तेव्हा बाकीचं सगळं क्षणभर बंद. मग गाठी कशा येतात ते बघायचं. गाठ म्हणजे इथला 'प्रगती-बिंदू', तो आपणच कोडमध्ये खुणावून द्यायचा. याच्या जोरावर त्यांनी एसक्यूलाइट 25 टक्के आणि मेमकॅश्ड 9 टक्के वेगवान केलं, तेही बहुतेक ठिकाणी दहापेक्षा कमी ओळी बदलून. मला सगळ्यात जास्त आवडला तो उतरता आलेख: एखादी ओळ वेगवान केली तर प्रोग्राम उलट मंदावेल, हेही कॉझ दाखवतं. तिथे बहुधा लॉकसाठी मारामारी चाललेली असते.

आता तक्रारी.

पहिली. भाकीत किती खरं ठरलं, हे थेट आकड्यांनी पडताळलंय ते फेरेट आणि डीडुप या दोनच प्रोग्रामवर. बाकीच्या ठिकाणी नेमक्या बदललेल्या ओळींवरचा परिणाम वेगळा काढता येत नाही, हे लेखक स्वतःच सांगतात. प्रामाणिकपणा आहे, पण कॉझचा दाखला देणारे हे वाक्य सोडून पुढे जातात. तुम्ही जाऊ नका.

दुसरी जास्त गंभीर आहे. थांबवलेले थ्रेड मेमरीला हात लावत नाहीत. म्हणजे ज्या ओळीची परीक्षा चालू आहे, तिला त्या क्षणी कॅश आणि मेमरीची वाट नेहमीपेक्षा मोकळी मिळते. प्रत्यक्षात ती ओळ वेगवान झाली की बाकीचे काही थांबणार नाहीत, सगळ्यांची गर्दी वाढेल. ज्या प्रोग्रामची अडचण मेमरीच्या बँडविड्थची आहे, तिथे कॉझचा आलेख मला जरा आशावादी वाटतो.

तिसरी तक्रार ढिगाची. माझ्या प्रोग्रामवर कॉझ चालवलं, तर वाचणाऱ्या फंक्शनची रेषा सपाट आली आणि लिहिणाऱ्याची चढती. बरोबर! माझे तीन आठवडे वाचले असते. पण सपाट रेषेचा अर्थ 'फायदा नाही' एवढाच निघतो. इथे तर नुकसान होतं, रांग फुगत होती, आणि त्याबद्दल आलेखात अवाक्षर नाही. गंमत म्हणजे बर्जर यांनीच 2000 साली 'होर्ड' हा मेमरी अॅलोकेटर मांडला. एक थ्रेड मेमरी घेतो, दुसरा सोडतो, अशा रचनेत वापर कसा बेसुमार फुगू शकतो, हे त्यात स्पष्ट मांडलंय. पुढे त्यांच्याच गटाच्या 'स्केलीन'ने वेळ आणि मेमरी एकत्र दाखवली, पण ते पायथनपुरतं.

लेखकांनी मेमरीचा दावाच केला नव्हता, मग ही टीका अन्यायाची नाही का? थोडी आहे. पण एक गोष्ट बघा. विनंतीला लागणारा वेळ काढायला कॉझ लिटलचा नियम वापरतं: आत अडकलेल्या कामांची सरासरी संख्या भागिले येण्याचा दर. ही अडकलेल्या कामांची संख्या म्हणजे प्रेससमोरचा ढीगच की! ती कॉझच्या हातात असते, ते भागाकार करतं आणि मूळ आकडा बाजूला ठेवतं. तो दाखवला असता आणि एका नोंदीला किती बाइट लागतात त्याने गुणलं असतं, तर मेमरीचा ढोबळ अंदाज तिथेच मिळाला असता.

अर्थात लिटलचा नियम रांग स्थिर असेल तरच चालतो. माझी तर सतत वाढतच होती. आता मी रांगेला मर्यादा घातली आहे, भरली की वाचणारे थ्रेड थांबतात. प्रोग्राम मरत नाही. पण मर्यादा काढली आणि ढीग वाढायला लागला, की कॉझसारख्या प्रयोगातून त्याच्या वाढीचा दर कसा काढायचा, ते अजून जमलेलं नाही. सध्या त्याच प्रकरणात अडकलोय.